लोअर परळचे आकाश: पतंग, रिमोटचे विमान आणि ड्रोन

लोअर परळच्या आकाशात माणसाने जमिनीवर उभे राहून खेळवलेली सर्वांत जुनी वस्तू म्हणजे पतंग. ड्रोनच्या इतिहासाचा आरंभ पतंगापासून करणे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. पण १९३४ च्या भारतीय विमान कायद्याने ‘विमान’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात फुगे, हवाई जहाजे आणि ग्लायडर यांच्या पंगतीला पतंगही बसवला होता. शब्दशः अर्थ लावला तर संक्रांतीला चाळीच्या गच्चीवर फिरकी धरून उभा असलेला प्रत्येक पोरगा नव्वद वर्षे या कायद्याच्या कक्षेत होता. त्याला कोणी हटकले नाही, एवढेच.

गिरण्यांच्या या भागात, म्हणजे गिरणगावात, पतंगाला जागा दिली ती गच्च्यांनी. जुन्या चाळी बहुतेक कौलारू. कौलांवर चढणे म्हणजे कौले फोडणे आणि घरमालकाचा ओरडा खाणे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने म्हणजे बीडीडीने सिमेंट-काँक्रीटच्या चाळी उभारल्या. डिलाइल रोडवर, आजच्या ना. म. जोशी मार्गावर, अशा ३२ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला, वर तीन मजले, साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर सपाट गच्ची. खोलीत अंग पसरायला जागा नसे, गच्चीवर आकाश फुकट होते. चहूबाजूंनी गिरण्यांची धुराडी आणि विजेच्या तारा असल्याने पतंग अडकण्याची ठिकाणेही भरपूर होती. दोराला हात घालण्याआधी वारा कुठून येतो आणि कोणत्या इमारतीमागे तो गिरकी घेतो, हे पाहावे लागे.

पतंग उडण्याचे गणित कण्णीत असते. कामटीच्या दोन ठिकाणी बांधलेल्या या दोऱ्याचे वरचे टोक किंचित आखूड केले, की पतंग वाऱ्याला कमी अंगावर घेतो आणि हलका चढतो. तेच टोक सैल सोडले की तो वाऱ्याला छाती देतो, हाताला ओढ लागते आणि जोराच्या वाऱ्यात कामटी मोडते. विमानशास्त्रात पंख आणि वारा यांच्यातल्या या कोनावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली जातात. चाळीतली पोरे ते बोटाच्या पेराने मोजत. पुढे रिमोटच्या विमानाचे नाक जास्त वर उचलले की ते हवेत अडखळून का पडते, हे शिकताना पतंगबाजाला नवीन काही सांगावे लागत नाही.

मानवरहित विमानाचा विषय मुंबईत निघाला की एक नाव येतेच: शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान माणसाशिवाय उडवले, असा दावा वारंवार केला जातो. तो खरा असता तर ड्रोनचा जन्म गिरगावातला ठरला असता. मात्र त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मिळालेला नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या आकृत्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासल्या आणि त्या उडू शकणाऱ्या यंत्रांच्या नाहीत, असा निष्कर्ष काढला. तळपदे यांना विमानाची ओढ होती, हे मान्य करायला हरकत नाही. इतिहासाला मात्र तेवढे पुरत नाही.

या भागात खरे विमान जवळून पाहण्याची सोय आहे ती वरळीला, डॉ. ई. मोझेस मार्गावरच्या नेहरू विज्ञान केंद्रात. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झालेले हे केंद्र लोअर परळपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याच्या आवारात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे एचएफ-२४ हे लढाऊ विमान ठेवलेले आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक याच्या देखरेखीखाली भारतात तयार झालेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याचे नाव ‘मारुत’. चौपाटीच्या मरुत्सख्याचा मागमूस नाही आणि मारुत तिथून तीन-चार किलोमीटरवर उभा आहे. मुलांना दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगता येतात.

मुंबईत विमानाच्या प्रतिकृती उडवण्याच्या छंदाला, म्हणजे एरोमॉडेलिंगला, शिस्तशीर वळण मिळाले ते राष्ट्रीय छात्र सेनेमुळे. एनसीसीची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली आणि तिची पहिली दोन पथके मुंबई व कलकत्ता येथे उभी राहिली. कॉलेजातल्या मुलाला खरे विमान हाताळायला मिळणे दुर्मीळ. बाल्सा लाकडाचे विमान घडवणे त्या मानाने आवाक्यातले होते. बाल्सा दक्षिण अमेरिकेतून येणारे, थर्मोकोलशी स्पर्धा करील इतके हलके लाकूड. त्याच्या पातळ फळीतून ब्लेडने पंखाच्या फासळ्या कापायच्या, त्या आडव्या काडीवर ओवायच्या, वर पातळ कागद ताणून लावायचा आणि डोप नावाचे रोगण फिरवून तो ढोलकीच्या पुडीसारखा ताठ करायचा. महिनाभराचे काम आणि पहिल्या उड्डाणात अर्ध्या मिनिटात त्याचा चुरा, हे या छंदातले ठरलेले होते.

त्या काळातला सर्वाधिक रुळलेला प्रकार ‘कंट्रोल लाइन’ हा होता. त्यात रेडिओ नव्हता. विमानाच्या डाव्या पंखातून निघणाऱ्या दोन बारीक पोलादी तारा पंधरा-वीस मीटर अंतरावरच्या मुठीला जोडलेल्या असत. मूठ वर कलली की विमान चढे, खाली कलली की उतरे. विमान उडवणाऱ्याभोवती वर्तुळात फिरे आणि उडवणाराही त्याच्याबरोबर स्वतःभोवती फिरत राही. पुढे छोटे डिझेल इंजिन असे. त्याचे इंधन पेट्रोलपंपावर मिळत नसे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल जवळपास समप्रमाणात मिसळून ते घरी तयार करावे लागे. इंजिन सुरू करायचे ते पंख्याला बोटाने झटका देऊन, आणि बोट वेळेत मागे घेतले नाही तर पंखा रक्त काढी. कलकत्त्यात बनणारी ‘अरोरा’ नावाची इंजिने देशभरच्या हौशी मंडळींना ठाऊक होती. ईथरचा दवाखान्यासारखा वास आणि जळक्या एरंडेलाची चिकट साय कपड्यांवर घेऊन घरी परतणे, ही एरोमॉडेलरची ओळख होती.

कंट्रोल लाइनचे विमान हे खरे तर पतंगाचेच इंजिन बसवलेले भावंड. दोर हातातच होता, फक्त सुताच्या जागी पोलाद आले होते. दोर सुटण्यासाठी रेडिओ लागणार होता आणि रेडिओ ही सरकारच्या ताब्यातली वस्तू होती.

बिनतारी नियंत्रणाची कल्पना तोवर बरीच जुनी झाली होती. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत लहानशी होडी तारेशिवाय चालवून दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट घेतले. रिमोटच्या गाड्या, होड्या, विमाने या सगळ्यांचे मूळ त्या होडीत आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गुड बंधूंनी रेडिओवर चालणारे प्रतिकृती विमान यशस्वीपणे उडवले. त्याच सुमारास ब्रिटिश आरमार तोफखान्याच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाचे वैमानिकाविना उडणारे विमान वापरू लागले. राणीमाशीच्या या नावावरूनच अशा विमानांना ‘ड्रोन’, म्हणजे नर मधमाशी, हे नाव पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तोफेचे गोळे खाण्यासाठी जन्मलेल्या यंत्राचे नाव आज लग्नाच्या हॉलवर घिरट्या घालणाऱ्या कॅमेऱ्याला मिळाले आहे.

भारतात १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी यंत्र कायदा यांच्या कक्षेत प्रत्येक ट्रान्समीटर येत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात गाणी ऐकण्याच्या रेडिओलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. मग विमान चालवणाऱ्या ट्रान्समीटरची गोष्टच वेगळी. त्यात तो देशात तयार होत नव्हता. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून यायचा. त्यामुळे मुंबईत हा छंद बराच काळ दोन थरांत राहिला. परदेशी वस्तू मिळवू शकणाऱ्या घरांकडे रेडिओचे विमान, बाकीच्यांकडे तारेचे.

शिवाय त्या काळच्या रेडिओत एक मोठी अडचण होती. संच ज्या देशातून आला असेल त्या देशाच्या लहरींवर चाले. अमेरिकेतला ७२ मेगाहर्ट्‌झवर, इंग्लंडमधला ३५ वर. नेमकी लहर ठरवण्यासाठी ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोहोंत नखाएवढा स्फटिक म्हणजे क्रिस्टल बसवलेला असे. मैदानावर दोघांचे क्रिस्टल एकाच क्रमांकाचे निघाले आणि दुसऱ्याने न विचारता आपला संच चालू केला, की पहिल्याचे विमान हवेत वेडे होऊन जमिनीत घुसे. म्हणून मैदानाच्या कडेला फळी आणि तिच्यावर क्रमांक लिहिलेल्या कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पद्धत जगभर रूढ झाली. ज्याच्या हातात चिमटा, त्यानेच त्या क्रमांकाचा संच चालू करायचा. भांडणे तरीही होत.

हाच घोटाळा खेळण्यांच्या पातळीवर घराघरांत पोहोचला. क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या दुकानांत आधी वायरचा ‘रिमोट’ असलेल्या गाड्या मिळत. गाडीमागे वाकून धावत जायचे आणि वायर संपली की थांबायचे. मग २७ मेगाहर्ट्‌झच्या बिनतारी गाड्या आल्या. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठल्यावर चिनी खेळण्यांनी बाजार भरला आणि रिमोटची गाडी ही मध्यमवर्गीय वाढदिवसाची भेट झाली. चाळीच्या लांब गॅलरीत दोन मुलांनी एकाच लहरीच्या गाड्या सोडल्या की एका रिमोटवर दोन्ही धावत. कोणाचा रिमोट कोणाची गाडी चालवतो आहे, यावरचे भांडण सुटत नसे.

दरम्यान ज्या लोअर परळमध्ये हे घडत होते, ते स्वतःच बदलत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी पुनर्विकासाला खुल्या केल्या. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिल आणि तोडी, रघुवंशी यांच्या आवारांत कार्यालये, जाहिरातवाले, फोटो स्टुडिओ, हॉटेले आली. भोंग्यावर चालणारा भाग डिलिव्हरीच्या वेळेवर चालू लागला. ड्रोनच्या गोष्टीत हा बदल पार्श्वभूमी म्हणून सांगायचा नाही. ड्रोनचे पहिले गिऱ्हाईक या नव्या लोअर परळमधूनच निघाले. वरून चित्रीकरण हवे असलेला जाहिरातदार आणि कोंडीत अडकलेला हॉटेलवाला, दोघेही इथलेच.

छंदाच्या दृष्टीने कळीचे वर्ष २००५ आहे, आणि गंमत अशी की ती क्रांती सरकारी राजपत्रात झाली. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. हेतू वाय-फायचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यालाही अशीच सवलत मिळाली. योगायोगाने त्याच सुमारास जगभरचे रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर जाऊ लागले. हे नवे संच क्रिस्टल वापरत नाहीत. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखून घेतात, त्याला ‘बाइंड’ करणे म्हणतात, आणि मग एकाच मैदानावर वीस जण निर्धास्त उडवू शकतात. चिमट्यांच्या फळ्या अडगळीत गेल्या. रेडिओ बाळगण्यातली चोरटेपणाची भावनाही ओसरली.

ड्रोनला लागणारे बाकीचे तीन भाग वेगवेगळ्या उद्योगांनी पुरवले. मोबाइल फोन आणि व्हिडिओ गेमसाठी बनलेले चिमुकले जायरोस्कोप आणि प्रवेगमापक स्वस्त झाले. लिथियम पॉलिमरच्या, म्हणजे ‘लायपो’ बॅटऱ्यांनी वजनाच्या मानाने भरपूर वीज दिली. ब्रश नसलेल्या मोटरींनी ती वीज वाया न घालवता पंख्याला पोहोचवली. चार पंख्यांचे यंत्र ही कल्पना विमानाच्या जन्माइतकी जुनी आहे. पण चारही पंख्यांचा वेग सेकंदाला शेकडो वेळा कमीजास्त करून तोल सांभाळणे माणसाच्या बोटांना जमणारे नव्हते. ते काम आता काडेपेटीएवढी पाटी करू लागली. दोन पंखे उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे; सगळे वाढवले की यंत्र वर, मागचे दोन वाढवले की पुढे, एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा घटवला की जागच्या जागी वळते. पाती कलत नाहीत, शेपटी नाही, दांडे नाहीत. म्हणूनच हे यंत्र घरी जोडता येते.

सामान मिळायचे ठिकाण लोअर परळपासून लोकलने तिसऱ्या स्टेशनवर. महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि मग ग्रँट रोड. तिथला लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या काळापासून इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. पहिला क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, जोडणाऱ्याची यादी जवळजवळ ठरलेली असे: ४५० मिलिमीटरची चौकट, हजार केव्हीच्या चार मोटरी, तीस अँपिअरचे चार वेगनियंत्रक, दहा इंची पाती, तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची लायपो आणि सहा चॅनेलचा रिमोट. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे; एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. नवखा माणूस हमखास इथे फसतो. मोटरीच्या तीन तारांना डाग द्यायचा, मोटर उलटी फिरली तर त्यांतल्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची. आणि पहिली चाचणी पाती न लावता घ्यायची. ही सूचना ज्यांनी पाळली नाही त्यांच्या हातांवर तिच्या खुणा आहेत.

लायपोबद्दल मात्र सगळे जुनेजाणते एका सुरात बोलतात. एका सेलचा दाब भरलेला असताना ४.२ व्होल्ट, नुसता ठेवायचा असेल तेव्हा ३.८ च्या आसपास; ३ च्या खाली गेला की सेल निकामी होऊ लागतो. उशीसारखा फुगलेला सेल परत चार्ज करायचा नसतो. तो पेटला तर सहजी विझत नाही, आणि दहा बाय सोळाच्या खोलीत पळायलाही जागा नसते.

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी या यंत्राकडे छंदापलीकडे पाहायला याच काळात सुरुवात केली. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. २५ डिसेंबर २००९ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीशी जाणारे चार पंख्यांचे यंत्र दिसते, ते याच मंडळींचे. देशातल्या असंख्य लोकांनी ड्रोन प्रथम पाहिला तो त्या प्रसंगात. पुढे कंपनीने संरक्षण संशोधन संस्थेबरोबर ‘नेत्र’ हे टेहळणीचे यंत्र केले आणि जुलै २०२३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. हौशी गटातून उभा राहिलेला मुंबईचा हा मोठा उद्योग. मात्र त्यासाठी पवईचा विस्तीर्ण परिसर आणि पुढे नवी मुंबईतली जागा लागली. लोअर परळच्या गाळ्यात ते झाले नसते.

लोअर परळचे नाव या इतिहासात आले ते ११ मे २०१४ रोजी. ‘फ्रांचेस्कोज पिझ्झेरिया’ या हॉटेलने त्या दिवशी लोअर परळमधल्या आपल्या स्वयंपाकघरातून चार पंख्यांच्या ड्रोनला पिझ्झाचा खोका बांधून तो सुमारे दीड किलोमीटरवरच्या वरळीतल्या उंच इमारतीत पोहोचवला. चित्रफीत इंटरनेटवर आली आणि दहा दिवसांत बातमी जगभर गेली. डॉमिनोजने इंग्लंडमध्ये २०१३ च्या जूनमध्ये असाच प्रयोग दाखवला होता आणि ॲमेझॉनने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ड्रोनने पार्सल पोहोचवण्याचा मनोदय जाहीर केला होता. लोअर परळच्या हॉटेलने घोषणेत वेळ न घालवता खोका उचलून नेला. यंत्राची किंमत सुमारे २००० डॉलर सांगितली गेली. म्हणजे त्या वेळच्या दराने एक लाख वीस हजार रुपये, एका बऱ्या मोटारसायकलपेक्षा जास्त. हिशेब पिझ्झाच्या विक्रीत बसणारा नव्हताच. तो जाहिरातीत बसला.

या प्रयोगाला जाहिरातबाजी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. मोटारसायकलवरचा मुलगा गिरणगावाच्या अरुंद रस्त्यांतून, पुलांच्या तोंडाशी साचलेल्या गाड्यांतून वाट काढतो. यंत्र सरळ रेषेत जाते. त्या भागाची अडचण नेमकी जिथे होती तिथेच या प्रयोगाने बोट ठेवले. त्याने दुसरीही एक गोष्ट उघडी पाडली: त्या दिवशी असे उड्डाण करायला परवानगी नेमकी कोणाची लागते, याचे सुटसुटीत उत्तर देणारा नियमच अस्तित्वात नव्हता. मुंबई पोलिसांनी चौकशी सुरू केली. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवले होते का, हा प्रश्न विचारला गेला. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला सोसलेल्या शहरात तो प्रश्न अवाजवी म्हणता येत नाही.

उत्तर आले ते बंदीच्या रूपात. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढली: नियम होईपर्यंत कोणत्याही बिगरसरकारी संस्थेने किंवा व्यक्तीने कोणत्याही कारणासाठी मानवरहित यंत्र उडवू नये. एका पिझ्झामुळे देशभर बंदी आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. जगभरच ड्रोनची विक्री तेव्हा वाढत होती आणि सूचना कधीतरी निघणारच होती. पण त्या सूचनेने पिझ्झाच्या धंद्याइतकाच शनिवार-रविवारचा निरुपद्रवी छंदही बंद केला, ही तिची खोट. एरोमॉडेलिंगचे जुने विमान आणि कॅमेऱ्याचा नवा ड्रोन यांत तिने फरकच केला नाही.

बंदी कागदावर चार वर्षे राहिली आणि त्या चार वर्षांतच महाराष्ट्रातल्या लग्नांत ड्रोन शिरला. वरात, मिरवणूक, गावची जत्रा, प्री-वेडिंगचा व्हिडिओ. फोटोग्राफरच्या दरपत्रकात ‘ड्रोन’ ही वेगळी ओळ झाली. यंत्रे येत होती प्रवाशांच्या बॅगांतून. २०१६ पासून विमानतळावरच्या सीमाशुल्काच्या फॉर्मवर ड्रोनसाठी वेगळी चौकट छापली जाऊ लागली, यावरूनच त्यांची संख्या ध्यानात यावी. कायद्याला मान्य नसलेली वस्तू सर्रास वापरात, हा प्रकार मुंबईला नवा नव्हता; मुसाफिरखान्याच्या बाजारातले ट्रान्झिस्टर आणि व्हीसीआर याच वाटेने आले होते.

पहिली नियमावली १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. तिने वजनानुसार पाच वर्ग पाडले: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. परवानगी नाही तर उड्डाण नाही, हे तिचे सूत्र होते; यंत्रानेच सरकारी संगणकाला विचारावे आणि होकार आल्यावरच मोटर फिरवावी, अशी अपेक्षा होती. बाजारातल्या बहुतेक यंत्रांना हे जमत नव्हते. जानेवारी २०२० मध्ये सरकारने मालकांना आपापले ड्रोन स्वेच्छेने जाहीर करायला ३१ तारखेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये आलेले नियम इतके किचकट ठरले की सहा महिन्यांच्या आत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, त्यांच्या जागी नवे ‘ड्रोन नियम, २०२१’ आले. २५ अर्जांचे ५ झाले, ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४ झाले. नॅनो वर्गाला, आणि व्यवसायासाठी नसेल तर मायक्रो वर्गालाही, चालकाच्या प्रमाणपत्राची अट उरली नाही. केवळ हौस, शिक्षण किंवा संशोधन यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या यंत्रांना ‘मॉडेल’ म्हणून वेगळी ओळख मिळाली आणि त्यांना प्रकार-प्रमाणपत्राच्या खर्चातून सूट मिळाली. एरोमॉडेलरला कायद्याने नावाने ओळखले.

९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग मात्र आणता येतात. याचा एक परिणाम असा की तयार यंत्र विकत घेण्याच्या काळानंतर हौशी माणूस पुन्हा डागाच्या कामाकडे वळला. खेळण्यांचेही तसेच झाले. त्यांच्यावरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता चिन्ह सक्तीचे आहे. क्रॉफर्ड मार्केटमधली स्वस्त रिमोटची गाडी पूर्वीइतकी स्वस्त राहिली नाही.

नवशिक्याचा क्रम अनुभवाने पक्का झाला आहे. आधी संगणकावरचे सिम्युलेटर, ज्यात विमान पडले तर एक कळ दाबून पुन्हा उभे राहते. मग हातात मावणारा, पात्यांना कडे असलेला ड्रोन, घरातच. त्यानंतर मैदान. सर्वांत अवघड जाते ते यंत्राचे तोंड चालवणाऱ्याकडे वळल्यावर. तेव्हा उजवे-डावे उलटे होते आणि घाबरलेला हात नेमकी चुकीची काडी ढकलतो. जुने लोक यावर शेपूट आपल्याकडे ठेवून उडवायला सांगतात, आणि तोंड फिरलेच तर ज्या बाजूला यंत्र कलते आहे त्याच बाजूला काडी टेकू म्हणून द्यायला सांगतात. गाडीपासून सुरुवात केलेल्याला हा गोंधळ आधीच सवयीचा असतो, कारण समोरून येणारी रिमोटची गाडी नेमका हाच त्रास देते. त्या अर्थी जमिनीवरची गाडी हा उड्डाणाचा चांगला आणि स्वस्त वर्ग आहे.

लोअर परळमध्ये राहून हे शिकणाऱ्यापुढे मैदानाचा प्रश्न उभा राहतो. मोकळी जागा थोडी, माणसे फार. शिवाय मुंबई पोलीस ठरावीक मुदतीचे मनाई आदेश वेळोवेळी काढतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवर चालणारी लहान विमाने, पॅराग्लायडर, हवेचे फुगे यांचीही नावे असतात. आदेश लागू असेल तर नियमावलीतली सवलत उपयोगाची नसते. सण आणि मिरवणुकांच्या वेळी आकाशात दिसणारा ड्रोन बहुधा पोलिसांचाच असतो. गणेश विसर्जनाच्या गर्दीवर नजर ठेवायला ते तो वापरतात. म्हणून इथली हौशी माणसे यंत्र पाठपिशवीत घालून शहराबाहेर जातात, आणि आदेश व नकाशा पाहिल्याशिवाय पेटी उघडत नाहीत.

नकाशा असा आहे. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात, इतर कोणती मनाई नसल्यास, पूर्वपरवानगीविना २०० फुटांपर्यंतच उडता येते. त्यावर नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. सांताक्रूझच्या विमानतळापासून लोअर परळ साधारण त्याच पट्ट्यात येते. २०० फूट म्हणजे सुमारे ६१ मीटर, निवासी इमारतीचे जेमतेम वीस मजले. श्रीनिवास मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ‘वर्ल्ड वन’ या इमारतीची उंची २८० मीटर आहे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून, उडायला परवानगी असलेला ड्रोन दिसला तर तो खाली पाहूनच दिसेल.